नूतन चोपड्याला आहे

नूतनने ओढणी घेतली, पायात चप्पल सरकवली आणि म्हणाली, "मॅडम, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ या."

या एका वाक्यासाठी प्रियांका चार महिने दर मंगळवारी येत होती. समुपदेशन केंद्रातून निघायचं, पर्वत पाटियाच्या नाक्यावर रिक्षा बदलायची आणि बारावीला दोनदा नापास होऊन सात महिने घरात पडलेल्या या मुलीसमोर तासभर बसायचं. कधी नूतन बोलायची, कधी नुसती नखं खात राहायची. आज ती आपणहून उठली होती.

आणि नेमकी तिची आई, मालतीबाई, दार अडवून उभी राहिली.

"आज नको, मॅडम."

"का?"

मालतीबाईंनी आधी दाराची कडी लागली आहे ना ते पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणला. "ती चोपड्याला आहे."

प्रियांकाने नूतनकडे पाहिलं. नूतन तर समोरच उभी होती.

"म्हणजे गावी, मामाकडे. गल्लीत तसंच सांगितलंय ना मी. कॉलेज नाही, काम नाही, पोरगी दिवसभर अंथरुणात. कोणाला काय सांगायचं? उद्या स्थळं कोण आणणार? गल्लीसाठी तुम्हीसुद्धा बचत गटाच्या मॅडम आहात." मग त्यांनी तोडगा सांगितला. "उद्या पहाटे तोंड बांधून उधना स्टेशनवर नेते हिला. गाडीतून उतरल्यासारखी बॅग घेऊन येऊ. दोन डझन केळी घेऊ, मामानं दिली म्हणून वाटून टाकू."

बेत अगदी पक्का होता, केळ्यांसकट. प्रियांकाला मात्र हसू आलं नाही. नूतनचं आजचं हे उठणं उद्यापर्यंत टिकेल, याची तिला मुळीच खात्री नव्हती.

"आई, मला केळी नकोत," नूतन म्हणाली. "बाजूला हो." तिने स्वतःच कडी काढली.

बाहेर ओट्यावर शेजारच्या अनुसयाबाई नव्या साड्यांचे लोंबते धागे कापत बसल्या होत्या. त्यांची कात्री थांबली. मालतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"कधी उनी वं चोपडाथीन?" अनुसयाबाईंनी विचारलं.

नूतनला घाम फुटला होता. तिने चौकट घट्ट धरली. "गेलेच नव्हते, काकू. घरातच होते."

"माले ठाऊक शे." अनुसयाबाईंनी कात्रीच्या टोकाने दोन घरांमधली भिंत दाखवली. "एकच भीत शे आपली. तुनं रडनं ऐकू ये."

"मग विचारलं का नाही?"

"तुनी माय सांगे, चोपडाले शे. तिले खोटी पाडू का?"

मालतीबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. सात महिने जिवापाड जपलेलं गुपित भिंतीपलीकडे आधीपासूनच ठाऊक होतं. लाज वाटायला हवी होती, पण त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या आधी हसल्या आणि मग डोळे पुसायला लागल्या.

अनुसयाबाईंनी साड्यांचा गठ्ठा सरकवून नूतनला बसायला जागा केली. त्या पुन्हा धागे कापू लागल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "मॅडम, तुमी बचत गटन्या नहीत, ते बी ठाऊक शे."

प्रियांका त्यांच्याजवळ ओट्यावर टेकली.

"आमनी पोर दिपाली कामरेजले मावशीकडे शे, आसं मी समदासले सांगस. ती बी घरमाच शे. चार महिना व्हयनात. भीतकडे तोंड करीसन दिनभर झोपेल ऱ्हास."

नूतनने अनुसयाबाईंच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे पाहिलं आणि ती उठली.

"झोपलेली नसते ती, काकू. मीही नसायचे."