राणोजींचा आवाज

“ताता, कविता नको. नुसतं बोला,” कीर्तना आजोबांच्या कानाशी लागली.

राणोजींनी तिचा हात झटकला. त्यांना गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं, ही तर नात. याच कारखान्यात त्यांची उभी हयात गेली होती. तरुणपणी याच फाटकासमोर त्यांनी ती तमिळ कविता रचली, आणि तेव्हाचा संप तिच्याच जोरावर तगला. तमिळ, तेलुगू, आपले तंजावरचे मराठी, सगळे एका गळ्यानं म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी खुद्द साहेबांनी खांद्यावर शाल घातली, कविता त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतली. म्हातारा आठवडाभर तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांतून ती शाल मिरवत होता, तेही भर उन्हात.

आता कीर्तना तिथंच कामाला होती. नव्या संपाची पुढारीण तीच, आणि संप शेवटच्या घटका मोजत होता. आज आत येईल त्याला माफी, उरलेल्यांना कायमची सुट्टी, असं साहेबांनी जाहीर करून फाटक सताड उघडं ठेवलं होतं. फाटकासमोरच्या संपाच्या मांडवातली पोरं एकमेकांची नजर चुकवत बसली होती. सगळ्यांत आधी उठायची तेवढी प्रत्येकाला लाज वाटत होती. पोरं फुटली तर कीर्तनाची नोकरी गेलीच म्हणायची. म्हणून तर राणोजी गुडघे धरत, बस बदलत इथवर आले होते.

त्यांनी माइक ओढला, घसा खाकरला.

“ऊठ रे भावा, तुझ्याविना साखळी अपुरी...”

पहिल्याच ओळीला अख्खा मांडव उठला. एकही जण बसून राहिला नाही. राणोजींचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच घडत होतं. त्यांनी डोळे पुसले आणि दुसऱ्या ओळीला आवाज चढवला. पोरांनी चपला पायांत सरकवल्या. मुकाट रांग लावली.

रांग फाटकातून आत जाऊ लागली.

“अगं, थांबव त्यांना,” राणोजी म्हणाले. “हे चालले कुठं?”

कीर्तनानं माइक बंद केला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

“घरी सांगायचा धीर झाला नाही, ताता. रोज पाळीला भोंगा होत नाही आता, तुमची कविता लागते. ती संपायच्या आत मशीनवर उभं नसलं, की खाडा.”