मधला थांबा

"उत्तरेकडून नको," आई म्हणाली आणि तिने लॅपटॉप मुलाकडे परत सरकवला.

मुलगा ट्रान्सपोर्ट कंपनीत होता. कुठला ट्रक कुठून वळवायचा हे ठरवण्यात त्याचा दिवस जायचा. त्यामुळे आईबाबांच्या या सहलीचा मार्ग आपणच आखणार, हे त्याने गृहीत धरलं होतं. तो स्वतःही त्यांच्याबरोबर जाणार होता. क्रूझ दुपारी सुटायची होती. उत्तरेच्या मोठ्या विमानतळावर विमान बदललं की त्याच दिवशी सकाळी बंदरात. सगळं कसं चपखल बसलं होतं.

आईने ते मोडीत काढलं. ऐन हिवाळ्यात तिकडे बर्फ कधी पडेल याचा भरवसा नाही, आपण दक्षिणेकडून जाऊ, लांब पडलं तरी चालेल. आणि बंदरात आदल्या दिवशीच पोचू. जहाज काही आपल्या मामाचं नाही, आपल्यासाठी थांबायला. इथपर्यंत मुलाला पटलं. पण मधल्या विमानतळावर तिने जवळजवळ अख्खी दुपार मोकळी ठेवली, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. त्या गावात बर्फ पडतच नाही, मग एवढा वेळ तिथे काय माश्या मारत बसायचं? आईने सगळं ऐकून घेतलं आणि तेच विमान निवडलं. शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून तिची हयात गेली होती. तिथे भलेभले सर्जन तिच्याशी वाद घालत नसत. मुलाने तरी किती घालावा?

बाबा या सगळ्यात पडले नाहीत. ते धावण्याचे प्रशिक्षक. मैदानावरची पोरं त्यांना 'वारा' म्हणायची. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. त्यातून ते सावरले, पण डावा पाय ओढत चालू लागले. काठी घ्यायला ते तयार नव्हते. व्हीलचेअरचं तर नावच काढायची सोय नव्हती, त्यामुळे घरात कुणी काढतही नसे.

प्रवासाच्या दिवशी तिघं मधल्या विमानतळावर अगदी वेळेवर उतरले. बाहेर छान ऊन पडलं होतं. आत फलकावर मात्र उत्तरेकडची विमानं एकापाठोपाठ एक रद्द होत होती. तिकडे बर्फ असा कोसळत होता की विमानतळ उद्या संध्याकाळपर्यंत बंद राहणार होता. मुलगा ते वाचत उभा राहिला. त्याचं चपखल बसवलेलं विमान उद्या सकाळचं होतं. त्याने आईपुढे हात जोडले. ती नुसती हसली आणि चला म्हणाली.

पुढचं विमान दुसऱ्या इमारतीतून सुटणार होतं. तिथे जायला काचेच्या भिंतींची एक लांबच लांब वाट होती. माणसं बॅगा ओढत शेजारून पळत होती. कुणाच्या खांद्याला धक्का, कुणाच्या पायावर चाक. बाबा आपल्या चालीने निघाले. प्रत्येक मोठ्या खिडकीशी ते थांबत, धावपट्टीकडे बघत आणि कुठलं विमान आता उडणार, कुठलं रांगेत अडकलंय ते सांगत. ते थांबले की आई शेजारच्या बाकावर टेकायची आणि ऐकायची. मग ते निघायचे, मग तीही उठायची. प्रवाशांची ने-आण करणारी बॅटरीवरची गाडी जवळ येऊन थांबली. बसता का, असं चालवणाऱ्या बाईने विचारलं. बाबांनी हसून नको म्हटलं. आईनेही मान हलवली.

मुलगा मागून बॅगा ढकलत येत होता. ते दोघं पुढच्या खिडकीशी थांबले तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो आईजवळ जाऊन बसला आणि हळूच म्हणाला की ही मोकळी दुपार काही बर्फासाठी नव्हती.

आईने आधी बाबांचं लक्ष नाही ना हे पाहिलं.

"घाईचं विमान असतं तर हे पळाले असते," ती म्हणाली. "आणि इथे चार लोकांत पडले असते, तर पुन्हा कधी घराबाहेर पडले नसते."

इतक्या वर्षांत मुलाने रस्ते मोजले, घाट मोजले, टोलनाक्यावरच्या रांगा मोजल्या. एका माणसाचा ताठ कणा मोडू नये म्हणून वेळापत्रक आखता येतं, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि हे आईने इतक्या बेमालूमपणे केलं होतं की ज्याच्यासाठी केलं त्याला पत्ताही नव्हता.

आई पाण्याची बाटली भरून आणते म्हणून उठली. बाबा अजून खिडकीशीच उभे होते. मुलगा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आईचं गुपित फुटू नये, अशा बेताने त्याने सुचवून पाहिलं की पाय दुखत असेल तर आणखी थोडं बसू, वेळ भरपूर आहे.

बाबांची नजर विमानांवर नव्हतीच. ती काचेतल्या प्रतिबिंबावर होती. तिथे पाण्याच्या नळाकडून आई परत येताना दिसत होती. तिचा एक हात भिंतीला होता. दोन पावलं टाकली की ती क्षणभर डोळे मिटत होती. मग त्या दोघांकडे नजर जाताच तिने हात भिंतीवरून काढला आणि ताठ चालू लागली.

"माझा पाय ठीक आहे रे," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "तिचा गुडघा गेलाय. कुणाला सांगत नाही. पण मी थांबल्याशिवाय ती बसत नाही."