कातळावरचा म्हसोबा

भाजे गावाच्या वर, वनखात्याच्या राखीव कातळावर कंदिलाच्या आकाराचं एक दुर्मीळ रानफूल येतं. कुंपण घातलं, पाटी लावली, तरी सुट्टीला येणारी माणसं आणि गावची गुरं ते तुडवायची थांबेनात. मग राखणदार नवशानं तिथल्या एका दगडाला गुपचूप शेंदूर फासला आणि गावभर सांगितलं, "तितं म्हसोबा हाय. कातळावर जो पाय ठेवील, त्याच्या लेकराला धरतो."

त्या दिवसापासून तिकडं कुणी फिरकलं नाही.

श्रावणात नवशाचीच लेक रूपा तापानं फणफणली. डॉक्टर झाले, सुया झाल्या, पण ताप हटेना. बायको निर्मला भेदरून म्हणाली, "तुमी रोज जाताय तितं. त्यो आपल्याच घरावर कोपलाय!" खरं सांगायला नवशाची जीभ रेटेना. आता त्याला स्वतःलाच त्या दगडाकडं बघवत नव्हतं.

सकाळी ताप उतरून पोरीचं अंग गार लागलं. नवशानं हात जोडले, तेवढ्यात निर्मला अनवाणी डोंगर उतरून दारात आली.



"पावला बगा म्हसोबा! त्याची समदी फुलं मुळासकट उपटून त्यालाच वाहिली, एक न्हाई मागं ठेवलं."