टिअर्ननबाई वकील ठरवतात

ल्यूक डेव्हानीचा एक हात कोटात गेला होता, दुसरा जायचा होता, तेवढ्यात टिअर्ननबाई दार ढकलून आत आल्या.

"कुठं निघालास?"

"समोर, पोलीस ठाण्यात. तुमचाच गडी आहे ना आत? दाइनियुस. त्यानं माझं नाव सांगितलंय म्हणे. हवालदाराचा आत्ताच फोन आला."

"बोललास त्याच्याशी?"

"अजून नाही. आता जातोय की."

"मग कोट काढ आणि बस," बाई म्हणाल्या आणि त्याच्या आधी आपणच बसल्या.

ल्यूकनं कोट काढला. वय पन्नाशीपलीकडचं, पण टिअर्ननबाईंनी बस म्हटलं की बॅलिकॅरन गावात अजून कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

गावात फौजदारी वकील तीन. एक दुपारनंतर शुद्धीवर नसतो. दुसऱ्याला न्यायाधीश दिसला की आरोपीपेक्षा जास्त घाम फुटतो. उरला ल्यूक. म्हणून ठाण्यात नेलेला माणूस आधी ल्यूकचं नाव घेतो.

रविवारी संध्याकाळी चर्चच्या वळणावर निवृत्त शाळामास्तरीण मिस गेराटी सायकलवरून घरी येत होती. कुठल्याशा गाडीनं तिला उडवलं आणि गाडी थांबली नाही. मास्तरीण इस्पितळात, अजून डोळे उघडले नव्हते. आज मंगळवारी सकाळी पोलीस टिअर्ननांच्या गोठ्यावर गेले, तर त्यांचा लिथुआनियाचा गडी पिकअपचा फुटका दिवा बदलत होता. उचलला तिथल्या तिथं.

"चहा घेणार?" ल्यूकनं विचारलं.

"तुझ्याकडचा? भांडी विसळलेलं पाणी प्यायला मी गाव ओलांडून नाही आले. कामाचं बोल. त्याला काय होईल?"

"मास्तरीण वाचली तर एक, गेली तर दुसरं. थांबला नाही हे सगळ्यात वाईट. दारू प्यायला होता का?"

"ते तू त्याला विचार."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? मला वकील हवा."

"तो मिळालाच की. आणि पैशाचं बघू नका, गरीब माणसाची फी सरकार भरतं."

"सरकारचं उष्टं नको मला. वकील मी ठरवणार, माझ्या नावानं." बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "एक सांगून ठेवते. त्याला तोंड आवरत नाही. चौकशीला बसला की एकाची चार लावून सांगेल, आणि चारही खोटी. पहिल्या प्रश्नाच्या आधी तू तिथं पाहिजेस."

ल्यूकला जरा नवल वाटलं. दाइनियुस सहा वर्षं गावात होता, पण दुकानात पाव मागतानासुद्धा तो बोटानं दाखवायचा. पण गड्याचं मालकिणीला जास्त माहीत, असं म्हणून त्यानं मान हलवली.

"गप्प बसायला सांगेन. आणखी काय?"

"आणखी हेच, की गाडी माझ्या नावावर आहे. विमा माझ्या नावावर. उद्या तू माझं झाकायला जाशील आणि त्याला बुडवशील."

"बाई, असं होत नाही. एका प्रकरणात एकाच माणसाचा वकील होता येतं. एकदा त्याचा झालो की त्याचाच. मग तुम्ही माझ्या दारात रडत बसलात तरी तुमचा नाही."

"मी आणि रडत?"

"उदाहरण दिलं."

"आणि दुसरं कुणी आलं तर? तुझ्या पाया पडलं तर?"

"तरी नाही. नियमच आहे."

"वकिलांचे नियम मला नको सांगू. तुझा बाप गुरांचा दलाल होता. पॅकी डेव्हानीनं बाजारात हातावर हात मारला, की पुढं त्या गाईला तीनच पाय निघाले तरी तो मागं फिरला नाही. तू कुणाचा मुलगा आहेस?"

ल्यूक हसला. गुरांच्या बाजारात अजून तसंच चालतं. तळहातावर थुंकी, वर टाळी, आणि सौदा पक्का. त्यानंतर शब्द फिरवणाऱ्याला गावात कुणी जनावर विकत नाही, अंत्ययात्रेलाही कुणी जात नाही.

"माझी खात्री नाही होय तुम्हाला?"

"तुझी आहे. तुझ्या शिक्षणाची नाही."

त्यानं हात पुढं केला. बाईंनी हातमोजा काढला, तळहाताला थुंकी लावली आणि असा फाटकन हात मारला की बाहेरच्या खोलीत टायपिंग थांबलं.

"झालं," ल्यूक म्हणाला. "आता समाधान?"

"समाधान कसलं. लिही."

त्यानं कोरी फाईल ओढली, पेनाचं टोपण काढलं. गेल्या वर्षी बाईंचा नवरा वारला तेव्हासुद्धा मृत्युपत्र वाचताना बाई अशाच ताठ बसल्या होत्या, याची त्याला आठवण झाली. एका गड्यासाठी इतकं करणारी मालकीण त्यानं पाहिली नव्हती. उद्या गाव हिच्याबद्दल बरं बोलेल, त्याला वाटलं, आणि तेही पहिल्यांदाच.

"त्या दाइनियुसचं आडनाव कसं लिहायचं हो? मला काही जमत नाही."

"तुला काय करायचंय त्याचं आडनाव? कॉर्मॅक लिही. टिअर्नन तुला लिहिता येतं."

पेन कागदावर टेकलेलं तिथंच राहिलं.

"कॉर्मॅक? तुमचा मुलगा? पण बाई, त्याला कुणी पकडलेलं नाही."

"पकडतील. खाली गाडीत बसवलाय." बाई उठल्या आणि हातमोजा चढवू लागल्या. "मी पुढं होते, ठाण्यात खरं काय ते सांगते. दाइनियुसला वकील लागायचा नाही."