दुसऱ्याचं दुखणं

रेगेने लेहचा कप्तान स्तांझिन याला खांद्याने कडेच्या फळीवर आदळलं आणि पुढच्याच क्षणी रेगेच्या स्वतःच्या उजव्या गुडघ्यात जीवघेणी कळ उठली.

आइस हॉकीतली हाणामारी थांबावी म्हणून लीगने यंदा अंगात एक खास जाकीट घालणं सक्तीचं केलं होतं. ज्याला धडक द्याल, त्याच्या अंगातलं सगळं दुखणं तासभर तुमच्याही अंगात उतरायचं. पण प्लेऑफमध्ये खेळाडू दुखापती लपवून खेळतात, हे कोच मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

रेगे न लंगडता बाकावर येऊन बसला. कोच बापट त्याच्या कानाशी वाकले.

"कुठे दुखतंय?"

मोसमभर त्याने खरं उत्तर दिलं होतं. तो सांगेल त्या मनगटावर, त्या बरगडीवर बाकीचे तुटून पडायचे. पुण्याचा संघ उपांत्य फेरीच्या या निर्णायक सामन्यापर्यंत पोचला होता तो असाच. पण हा गुडघा घेऊन माणूस बर्फावर उभा तरी कसा राहतो, हेच रेगेला कळेना.

"खांद्यात, सर."

"नुसता खांदा?"

"हो."

जादा वेळेत गोल झाला, तो स्तांझिनचाच. पुणे हरलं आणि बापट तडक निघून गेले.

प्रथेप्रमाणे दोन्ही संघ हात मिळवायला रांगेत आले. स्तांझिनने रेगेचा हात धरला तो सोडलाच नाही.

"गुडघा कसा आहे तुझा?" त्याने हळूच विचारलं.