चिंचोक्यांचा बाजार

मडक्याला जोंधळे, जोंधळ्याला गूळ, अशी अदलाबदल वर्गात सकाळीच झाली होती. आता पैशाचा धडा. गुरुजींनी प्रत्येकाला दहा चिंचोके दिले. “हे पैसे समजा. यांनी वर्गातलं काहीही विकत घेता येतं.” पण कुणी काही घेईना. पोरं मुठी आवळून कुजबुजत बसली. उद्या सोलापूरहून दिपोटीसाहेब शाळेच्या तपासणीला येणार, आणि यांची ही तऱ्हा! गुरुजींनी टेबलावर छडी आपटली. “अरे दगडांनो, पैसा खर्चायला असतो! घ्या काहीतरी, नाहीतर एकेकाला फोडून काढीन!” सगळ्या पोरांनी पुढं बसलेल्या चंद्रव्वाकडे पाहिलं. ती उठली, रांगेतून फिरली, प्रत्येकाच्या मुठीतले चिंचोके तिनं परकराच्या ओच्यात घेतले आणि गुरुजींपुढे ओतले. “मोजून घ्या, गुरुजी. कमी पडलं तर उद्या घरनं आणू.” “अगं, पण तुला हवंय काय?” गुरुजी ओरडले. चंद्रव्वानं बोट दाखवलं. “ती छडी द्या की.”