बाबांच्या खोलीतलं बटण

"आता बाबांना करू दे," धाकटा म्हणाला. "खरी परीक्षा तीच."

दिवाणखान्याच्या भिंतीवर काचेची दोन पॅनेल शेजारी शेजारी बसवली होती. डावं थोरल्याच्या पसंतीचं, उजवं धाकट्याच्या. घरातले दिवे, पंखे, पडदे, सगळं यापुढे त्यातल्या एकाच्या हुकमावर चालणार होतं. दोन्ही वापरून बघायला आणलेली. आज एक ठरणार आणि दुसरं परत जाणार. वायरमनला कुठलंही चाललं असतं. त्याने सकाळपासून खोल्याखोल्यांतले जुने स्विचबोर्ड काढून भिंती बुजवल्या होत्या. राहिली होती ती फक्त बाबांची खोली.

थोरल्याची बायको, या घरची सून, बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. दुपट्यांच्या घड्या घाला म्हटलं की दोघा भावांची कंबर धरायची, आणि इथे सकाळपासून उभे होते ते चहालासुद्धा बसले नव्हते.

थोरल्याचं पॅनेल देखणं होतं. पंखा लावायचा तर आधी खोली, मग उपकरणं, मग पंखे, मग वेग, असं बोटाने सरकत सरकत जायचं. तोवर माणसाचा घाम आपला आपणच वाळायचा. धाकट्याच्या पॅनेलमधलं सॉफ्टवेअर हुशार. ते म्हणे घरातल्या माणसांच्या सवयी शिकायचं. आतापर्यंत ते एवढंच शिकलं होतं की ही माणसं रात्री झोपतात. त्याचाही त्याने ग्राफ काढून दाखवला होता, आणि धाकट्याने तो सगळ्यांना फिरवून दाखवला होता.

बाबा खुर्चीतून उठले. उजवा हात खिशात होता. तो कापायचा, म्हणून चारचौघांत तो नेहमी खिशातच असायचा.

"मला कुठलं जमतंय ते," ते म्हणाले.

"काही नाही हो बाबा. नुसतं बोट टेकवायचं. एकदाच."

बाबांनी हात बाहेर काढला. बोट काचेवर थरथरलं. दिवा लागला, गेला, लागला, गेला.

धाकट्याला हसू आवरेना. "दादा, तुझ्या पॅनेलवर बाबांनी लग्नाचं लायटिंग केलं बघ."

थोरला ओशाळला, बाबांसाठी नव्हे, पॅनेलसाठी. "ते जरा जास्त सेन्सिटिव्ह आहे," तो म्हणाला. "तुझ्यावर करू दे की, बघू."

बाबा एक पाऊल सरकले. पुन्हा तेच बोट, तीच थरथर. या वेळी दिवा लागलाच नाही. काचेवर ठळक अक्षरं आली: लहान मूल स्क्रीनशी खेळत आहे. कुलूप लावायचं?

"बघितलंस?" धाकटा म्हणाला. "कसं बरोब्बर ओळखलं. तुझ्यात आहे का हे?"

थोरल्याने वाकून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. सून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता तरी याच्या डोक्यात प्रकाश पडेल, असं तिला वाटलं.

"नाही बुवा," तो म्हणाला. "हा पॉइंट तुझा." आणि त्याने स्वतःच्या बोटाने 'हो' दाबलं.

नवऱ्याचा राग तिला पुष्कळदा आला होता. कंटाळाही यायचा. किळस आज पहिल्यांदा आली.

बाबांनी हात परत खिशात घातला. "म्हणजे आता मला दिवा लावता यायचा नाही."

"तुम्हाला लावावाच लागणार नाही," धाकटा म्हणाला. "आम्ही फोनवरून लावू."

"मला पाहिजे झाला तर?"

"आम्हाला फोन करायचा. मेसेज टाकलात तरी चालेल."

"आणि तुम्ही कामात असलात तर?"

"तोवर बसायचं की जरा," थोरला म्हणाला. त्याचं लक्ष पॅनेलच्या कडेकडे होतं. तिथे त्याला बोटाचा डाग दिसला होता.

बाबा जाऊन खुर्चीत बसले.

"यांच्या खोलीतला बोर्ड तेवढा राहू दे," सून म्हणाली. "त्या बटणावर तळहात टेकवून ते भार देतात. एका दाबात लागतो दिवा."

"अगं, एक बोर्ड ठेवला की सगळ्या सिस्टिमचा विचका. आणि भिंतीवर दिसणार किती घाण."

"वहिनी, यातलं टेक्निकल तुम्हाला नाही कळायचं," धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला.

"नाही ना, भाऊजी," ती म्हणाली.

वायरमनने छिन्नी-हातोडी उचलली. "मग घेऊ ना ही खोली? मला संध्याकाळी दुसरीकडे जायचंय."

"घे, घे."

"थांबा जरा," सून म्हणाली. "बाळाला पाजायचंय." ती वायरमनच्या पुढून बाबांच्या खोलीत शिरली आणि आतून कडी लावली.

वायरमन दोन पावलं मागे सरला आणि छताकडे बघू लागला. दीर मोबाईलमध्ये बघू लागला. थोडा वेळ पॅनेलचा रंग काळा बरा की पांढरा यावर बोलणं झालं. मग तेही संपलं. वायरमनने दोनदा घड्याळ पाहिलं. थोरल्याने नखाने दार वाजवलं.

"अगं, किती वेळ अजून?"

"पोट भरू दे त्याचं," आतून आलं.

"हळू पितो तो," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"मी निघतो साहेब," वायरमन म्हणाला. "आता पुढच्या महिन्यातच जमेल मला." त्याने हत्यारं एकेक करून पिशवीत टाकली.

आत बाळ बाबांच्या उशीशी गाढ झोपलं होतं. त्याचं पोट मघाशीच भरलं होतं. सून स्विचबोर्डाला पाठ लावून उभी होती. बटण पाठीत रुतत होतं, आणि बाहेरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत ती तिथून हलली नाही.